सतरा अनोळखी

बाबली करलकराला गोव्याच्या हद्दीत गस्तीच्या बोटीने अडवलं तेव्हा त्याच्या खिशात संस्थेचं ओळखपत्र होतं. पण अडचण त्या कार्डाचीच झाली. कार्डं मुंबईच्या कुठल्याशा छापखान्यातून इंग्रजीत छापून आली होती, आणि तिथल्या कोणीतरी ‘बाबली’ हे बाईचं नाव समजून पुढे ‘स्त्री’ असं छापून टाकलं होतं. बाबली मालवणच्या दांडी वाडीतला, भरघोस मिशांचा माणूस. अधिकाऱ्याने एकदा कार्ड पाहिलं, एकदा मिशा पाहिल्या आणि होडी धक्क्याला लावायला सांगितली. मालवणहून तार जाईपर्यंत बाबली आणि त्याचे गडी तिथे बसून राहिले. बर्फ वितळला, मासळी फुकट गेली.

म्हणून त्या वर्षीच्या सभेत सगळे सभासद एकच गोष्ट मागत होते. कार्डं मराठीत पाहिजेत. हाताने लिहिलेली नकोत, कारण तशी कोणीही लिहून आणील. छापलेली पाहिजेत, आणि नावं आम्ही म्हणतो तशी पाहिजेत. किनारा मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष भाई तोंडवळकर यांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडायच्या आधी प्रत्येकाच्या हातात मराठी कार्ड असेल.

शब्द भाईंनी दिला, पण काम आलं सरलाकडे.

सरला पराडकर ही मूळची बांद्याची. पुण्याला शिकली, तिथल्याच एका संस्थेत दोन-तीन वर्षं कॉम्प्युटरवर काम केलं, आणि मालवणात मेढ्यावरच्या दत्ताराम पराडकरशी लग्न होऊन इकडे आली. दत्ताराम मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या कामात. वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. घरात ती आणि सासरे, दोघंच. अठ्ठ्याऐंशी साली सरकारी योजनेतून मच्छीमार संस्थेला एक कॉम्प्युटर मिळाला, तो चालवू शकणारं माणूस गावात शोधायला लागले तर सरला सापडली. संस्थेचा सचिव सिराज स्वतः घरी येऊन सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, परवानगीने तिला कामावर घेऊन गेला.

कॉम्प्युटर चांगला होता. युनिक्सवर चालायचा, दोन टर्मिनलं होती, एक टिपक्यांनी छापणारा प्रिंटर होता. फक्त त्याला मराठी येत नव्हतं.

“सरला, माका एक सांग,” भाई एका सकाळी तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले. “ह्यो मराठी लिवतलो काय नाय?”

“लिवतलो, भाई. पण तेच्यासाठी प्रोग्राम हयसर बांधूचो लागतलो.”

“नाय जमणारा आसात तर आत्ताच सांग. मी मुंबयक कळवतंय. नि मगे ह्यां मशीन ठेवून तरी काय करूचा? रत्नागिरीचे लोक कधीपासून मागतत.”

भाई रागाने बोलत नव्हते. त्यांनी लोकांना शब्द दिला होता, आणि तो पाळण्याचा दुसरा रस्ता ते उघडा ठेवत होते, एवढंच. पण मशीन रत्नागिरीला गेलं तर आपलं काम गेलं, हे सरलाला समजत होतं. मालवणात दुसरा कॉम्प्युटर नव्हता.

मराठी छापणारा प्रोग्राम पुण्याच्या तिच्या जुन्या संस्थेतल्या लोकांनी लिहिलेला होता. तिने मागितल्यावर त्यांनी तो फ्लॉप्यांवर घालून पाठवला, आणि बरोबर सगळा प्रोग्राम छापलेल्या कागदांचा एक गठ्ठाही. तयार प्रोग्राम पाठवून उपयोग नव्हता, कारण त्यांचं मशीन वेगळं, हिचं वेगळं. त्यांनी पाठवला तो मूळ मजकूर, माणसाने लिहिलेला. तो इथल्या मशीनवर इथल्या मशीनच्या भाषेत उतरवून घ्यायचा होता. त्यासाठी युनिक्सवर एक हुकूम असतो, ‘मेक’. तो टाइप केला की मशीन एकेक फाईल उचलतं, उतरवतं, आणि शेवटी सगळे तुकडे जोडून चालणारा प्रोग्राम हातात देतं. मध्ये कुठे चूक सापडली तर तिथेच थांबतं आणि ओळीचा नंबर सांगतं.

फ्लॉप्या आल्या त्या दिवशी सरलाने त्या लोखंडी कपाटात ठेवल्या. मालवणच्या पावसाळ्यात कपाटात दमटपणा साचू नये म्हणून सिराजने आत एक बल्ब कायम पेटता ठेवला होता. प्रिंटरसाठीचे बदल कागदावर लिहून काढण्यात आठवडा गेला. मग तिने कपाट उघडलं तर आत अंधार होता. बल्ब केव्हा उडाला ते कोणाला कळलंच नव्हतं. एका फ्लॉपीच्या खिडकीतून पांढरट बुरशीचे ठिपके दिसत होते.

“बाकीच्यो बऱ्यो आसत,” तिने एकेक लावून बघितल्या. “हीच गेली.”

“हिच्यात काय होता?” सिराजने विचारलं.

“अक्षरां.”

प्रोग्रामची सगळी बाकीची कामं शाबूत होती. पण मराठीचं प्रत्येक अक्षर कुठे टिपका देऊन आणि कुठे मोकळं सोडून छापायचं, ते सांगणारे आकडे त्या एका फ्लॉपीवर होते. पुण्याला फोन लावला, तर ते दुसरी पाठवायला तयार. पण फोंडा घाटात दरड कोसळलेली, एसट्या बंद. टपालाला किती दिवस लागतील ते कोणीच सांगेना. फोनवर तिचे जुने साहेब होते. ते जाता जाता म्हणाले, “तुमची जागा इथे अजून रिकामी आहे. तिकडे नाही जमलं तर या परत.” ट्रंक कॉल असल्यामुळे ते ओरडून बोलत होते, आणि सिराजने ते शेजारी उभं राहून ऐकलं.

आता एकच मार्ग उरला होता. छापलेल्या गठ्ठ्यातून ते आकडे बघून बघून टाइप करायचे. पानंच्या पानं नुसते आकडे, स्वल्पविराम आणि पुन्हा आकडे. प्रिंटरसाठीचे बदल आणि सभासदांची नावं भरणं हे सगळं तिच्याच अंगावर होतं. सिराज दोन बोटांनी टाइप करायचा. संध्याकाळी तिने गठ्ठा घरी नेला आणि पडवीत बसून किती पानं आहेत ते चाळू लागली.

बाबा समोर आरामखुर्चीत होते. परशुराम पराडकर, पोस्टातले तारमास्तर. आयुष्यभर कट्ट-कड ऐकून तारा घेतल्या. तारघरात टेलिप्रिंटर आल्यावर पोरं नुसती बटणं दाबून तारा पाठवू लागली, आणि बाबांनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली. त्याच सुमाराला सासूबाई गेल्या. तेव्हापासून ते फारसं बोलत नसत. कोणाचा अर्ज असला तर जुन्या टाइपरायटरवर टाइप करून देत, नाहीतर खुर्चीच्या हातावर बोट आपटत समोरच्या माडांकडे बघत बसत. सरलाशी ते कधी वाईट वागले नव्हते. पण सून कॉम्प्युटरवर काम करते याबद्दल त्यांनी आजवर एक शब्द विचारला नव्हता.

“ह्यां काय?” ते आज म्हणाले.

“आकडे, बाबा. अक्षरांचे. प्रिंटर बारीक बारीक टिपके मारता ना, ते खंय मारूचे नि खंय नाय, तां.”

त्यांनी हात पुढे केला. तिने एक पान दिलं. त्यांनी चष्मा लावला, पान उजेडाकडे धरलं आणि एक ओळ पुटपुटत वाचून काढली. मग दुसरी.

“ह्यां माका जमात,” ते म्हणाले.

“तुमका उगाच तरास.”

“कसलो तरास? मी गुप्त तारा घेतलंय गो. पाच-पाच आकड्यांचे गट. अर्थ नाय काय नाय. एक आकडो चुकलो तर पलीकडच्याक विचारूक पण येणा नाय.” त्यांनी पान परत दिलं. “उद्या येतंय मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळची पेज घेऊन ते छत्री हातात धरून तिच्याबरोबर निघाले. सिराजने दुसऱ्या टर्मिनलसमोर खुर्ची ठेवली. पडद्यावर मजकूर उमटतो आणि कागद लागत नाही, एवढं समजून घ्यायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी पानं डाव्या बाजूला उभी करून टेकवली, बोटं कळांवर ठेवली आणि सुरुवात केली. नजर कागदावरून हलत नव्हती. कळांचा आवाज सारखा एका लयीत येत होता. सिराज बाहेरून दोनदा डोकावून गेला.

“मेक म्हणजे काय?” दुपारी डबा खाताना त्यांनी विचारलं. सरलाच्या तोंडून तो शब्द त्यांनी सकाळपासून ऐकला होता.

तिने सांगितलं. त्यांनी चपातीचा तुकडा हातात तसाच धरून सगळं ऐकून घेतलं.

“चूक नसली तर काय सांगता?”

“कायच सांगणा नाय. गप ऱ्हवता.”

“बरां आसा,” बाबा म्हणाले आणि जेवू लागले.

त्या दिवसांत सरलाला घरी जाताना बरं वाटायचं. मेढ्याच्या रस्त्याने दोघं पुढे-मागे चालत. बाबा मध्येच एखाद्या तारेची आठवण सांगत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून एवढं तिने कधी ऐकलं नव्हतं. एकदा ते अचानक म्हणाले, “दत्तारामाक लिव. म्हणावा बापूस कामार जाता.” ती हसली आणि खरंच तसं लिहिलं.

पानं संपली त्या दुपारी वीज होती, पाऊसही थांबला होता. सरलाने बाबांची फाईल इतर फाइलींत आणून ठेवली. सिराज आणि बाबा तिच्या मागे उभे राहिले. तिने ‘मेक’ असं टाइप करून कळ दाबली.

पहिली फाईल उतरली. दुसरी उतरली. तिसरी, जिच्यात तिने स्वतः बदल केले होते, तीही उतरली. मग अक्षरांची फाईल आली आणि पडदा भरून गेला. ओळीवर ओळी वर सरकायला लागल्या. प्रत्येक ओळीत एक चूक. शेवटी मशीनच कंटाळल्यासारखं थांबलं: चुका फार आहेत, पुढे जात नाही.

“इतक्यो चुको?” सिराज म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

सरलाने पहिली चूक वाचली. अमुक ओळीत ‘सतरा’ अनोळखी. तिने कागद बघितला. तिथे सतरा. तिने पडदा बघितला. तिथेही सतरा. पुढची चूक: ‘एकशे बारा’ अनोळखी. कागदावर एकशे बारा, पडद्यावर एकशे बारा. सतरा हा आकडा मशीनला माहीत नाही, असं कसं होईल? तिने एक लहानसा वेगळा प्रोग्राम लिहून त्यात सतरा घातले. तो मुकाट्याने उतरला. पुन्हा मोठ्या फाइलीवर आली. सतरा अनोळखी.

“चुको माज्यो,” मागून बाबा म्हणाले.

“बाबा, पडद्यार तर बरोबर दिसता.”

“तुज्या फाइली उतरल्यो. माजीच अडली.”

त्यांनी छत्री उचलली. ती थांबा म्हणेपर्यंत ते पायऱ्या उतरले होते. खिडकीतून तिला ते बंदराच्या रस्त्याने जाताना दिसले. छत्री उघडली नव्हती आणि पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

तेवढ्यात भाई आले. त्यांनी पडदा बघितला. त्यांना त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, पण दोघांचे चेहरे कळण्यासारखे होते.

“परवापर्यंत वाट बघतंय,” ते म्हणाले. “मगे माका मुंबयक फोन करूचो लागतलो. पौर्णिमा काय पुढे जाणा नाय.”

सरला संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा जेवून आत जाऊन पडले होते. त्यांनी तिचं ताट झाकून ठेवलं होतं. फ्लॉप्यांप्रमाणे मशीनच्या आतही ओल शिरली असेल का, असं तिच्या मनात येत होतं. तसं असेल तर सगळंच संपलं. आणि तसं नसेल, खरंच बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला असेल, तर ते त्यांना सांगायचं कसं?

सकाळी बाबा निघाले नाहीत. पडवीत खुर्चीवर बसले होते, पण हात मांडीवर होते.

“चला ना,” ती म्हणाली.

“नको. डोळे गेले माजे. दुसऱ्या कोणाक तरी बघ.” मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत, “पुण्याक फोन झालेलो म्हणे.”

“सिराजान सांगल्यान?”

“तो काय वायट मनान सांगणा नाय. थंयचो सायब जागा रिकामी आसा म्हणालो. तुका जाऊचा आसात तर जा. माजी काळजी करू नको. मी सांगतंय दत्तारामाक.”

सरला त्यांच्या समोर खाली बसली. त्यांनी हे रात्रभर मनात घोळवलं असणार, हे तिला आवाजावरून कळलं. आपल्या चुकांमुळे सुनेचं काम जाणार, आणि कामापाठोपाठ सूनही. तिला एकदम वाटलं, जाणार नाही असं म्हणून टाकावं. पण मशीनच गेलं तर काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं, आणि खोटं सांगून त्यांना बरं वाटलं नसतं.

“माका जाऊचा नाय,” ती म्हणाली. “तां मागसून बघूया. आधी एक करा. एकच पान टाइप करून दाखवा. हयसरच. तुमच्या मशीनार.”

“कित्या?”

“माका तुमचे डोळे बघूचे आसत.”

ते नाइलाजाने उठले. आतल्या मेजावरचं टाइपरायटरचं झाकण काढलं, कागद चढवला. तिने अक्षरांच्या गठ्ठ्यातलं एक पान समोर धरलं आणि त्यांच्या बाजूला उभी राहिली. ते टाइप करू लागले. ती कागदावर उमटणारे आकडे पानाशी ताडून बघत होती. शून्य, सतरा, एकवीस, एकशे बारा. एकही चूक नाही. पुढची ओळ. एकही नाही. डोळे ठणठणीत होते.

मग तिची नजर त्यांच्या बोटांवर गेली. सात मारायला बोट वरच्या ओळीत जात होतं, तसं जायलाच हवं. पण एक मारायला कुठलंच बोट वर जात नव्हतं. उजव्या हाताची अनामिका जिथल्या तिथे खाली दबत होती.

“थांबा,” ती म्हणाली.

ते थांबले. तिने वाकून कळांची वरची ओळ बघितली. दोन, तीन, चार, पाच. डावीकडून सुरुवात दोनापासून.

“बाबा, एक खंय आसा?”

“कसलो एक?”

“आकडो. ह्या मशीनार एक नाय.”

“नसताच. जुन्या मशीनांक नसता. छोटो एल मारूचो, तो एकच दिसता. सगळेच तसा मारतत.”

“नि संस्थेत? थंयच्या मशीनार?”

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू ती काहीतरी अगदीच साधं विचारते आहे. “थंय पण एलच. बोटां आपसूक जातत. आयुष्यभर तसाच केलंय.”

सरला मटकन पलंगाच्या कडेवर बसली. तिला हसू यायला लागलं आणि ते आवरेना. बाबा काळजीने बघायला लागले.

“तुमच्या डोळ्यांक कायएक होऊक नाय,” ती शेवटी म्हणाली. “तुमचो एकय आकडो चुकलो नाय. तो एल माणसान वाचलो तर एकच. पण मशीन वाचणा नाय, बाबा. मशीन नुसता बघता. तेका एल म्हणजे एल. सतरा म्हणान आपण वाचतो, तां तेका एल आणि सात दिसता. असला नाव तेना कधी आयकूक नाय.”

बाबांनी कागदाकडे बघितलं, मग त्या कळेकडे. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

“म्हणजे परत सगळा टाइप करूचा?”

“नाय. एक ओळ. जेवढे एल तेवढे एक कर म्हणान सांगायचा, नि तां करता.”

“इतक्या पानांत?”

“चला तर खरे.”

त्यांनी पायात चपला घातल्या. छत्री विसरले, ती सरलाने घेतली. रस्त्यात ते नेहमीसारखे पुढे चालत नव्हते, तिच्या बरोबरीने चालत होते, आणि दोन वेळा त्यांनी विचारलं, “एकच ओळ?”

सिराज दारातच होता. त्याने दोघांना येताना बघितलं आणि काही न विचारता बाबांची खुर्ची सरलाच्या टेबलाशी आणून ठेवली. सरलाने फाइलीची सुरुवातीची शब्दांची ओळ वगळली आणि बाकी सगळीकडच्या एलचा एक करायला सांगितलं. क्षणभरात काम झालं. मग ‘मेक’. आधीच्या फाइली उतरलेल्या होत्या, त्यांना त्याने हातही लावला नाही. अक्षरांच्या फाइलीवर आला आणि थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक ओळ उमटली.

सिराज पुढे वाकला. “अजून चूक?”

“एकच.” सरलाने वाचली. फाइलीच्या अगदी तळाला एका नावात खरोखरचा एल होता, त्याचाही एक होऊन बसला होता. “ही माजी,” ती म्हणाली. “घाय केलंय मी.” तिने तो हाताने दुरुस्त केला आणि पुन्हा ‘मेक’ टाइप करून कळ दाबली.

अक्षरांची फाईल उतरली. शेवटचा हुकूम पडद्यावर आला, सगळे तुकडे जोडण्याचा. मशीनच्या पोटात डिस्कची घरघर झाली आणि थांबली. पडद्यावर नुसती रिकामी खूण लुकलुकत राहिली.

“कायच बोलणा नाय,” सिराज म्हणाला.

“मगे झाला,” बाबा म्हणाले.

सरलाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. पाठीत एवढे दिवस धरून ठेवलेलं काहीतरी सुटल्यासारखं तिला वाटलं. तिने घाई केली नाही. पाणी प्यायली, प्रिंटरला कागद लावला आणि बाराखडीचं पहिलं पान छापायला सांगितलं. प्रिंटरचं डोकं करकरत इकडून तिकडे गेलं, परत आलं. कागद थोडा थोडा वर सरकला. आधी शिरोरेषा, मग तिच्याखाली क चा गोल, मग दांडा. वेलांटी जरा उंच बसत होती. ती तिने दुपारी खाली आणली. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

सिराज भाईंना बोलवायला स्वतः गेला. भाईंनी कागद हातात घेऊन दारातल्या उजेडात धरला. त्यांनी वाचून दाखवा असं सांगितलं नाही, स्वतःच वाचला.

“मुंबयक फोन करूक नको तर,” ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं. माणूस वरून शांत दिसत असला तरी त्यालाही झोप नसणार, हे सरलाला तेव्हा कळलं. “कोणाक सांगूचा काय आता? रत्नागिरीवाल्यांक?”

“सांगा, नाय म्हणान,” सिराज म्हणाला.

पुढचे दिवस दगदगीचे गेले, पण धास्तीचे नव्हते. बाबा सभासदांची नावं वाचून दाखवायचे, सरला भरायची. मासेमार आत येऊन आपलं नाव पडद्यावर बघून जायचे. नाव आपल्या बोलण्यातलं ठेवायचं की शाळेतलं, यावर कोणाकोणाची बायकोशी वादावादी झाली. कार्डं छापली, फोटो चिकटवले, वर प्लास्टिक चढवलं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेवटचं कार्ड झालं. दुसऱ्या दिवशी बंदरावर ढोल वाजत होते, किल्ल्याच्या बाजूने ऊन आलं होतं, आणि भाई एकेकाला हाक मारून कार्ड देत होते. सरला गर्दीच्या मागे उभी होती. तिला पुढे बोलावलं तेव्हा तिने बाबांना पुढे केलं, आणि बाबांनी तिला. शेवटी सिराजने दोघांनाही ढकललं.

पुण्याला तिने त्याच आठवड्यात फोन केला. साहेबांचे आभार मानले, प्रोग्राम चालला म्हणून सांगितलं, आणि जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाका म्हणाली. बाबा तेव्हा संस्थेच्या ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, पण फोन ठेवल्यावर विचारलं, “आज बांगडे हाडू? बाजारात इलेत म्हणतत.”

“हाडा,” सरला म्हणाली.

घरी जेवून ती दुपारी आतल्या खोलीत आडवी झाली. पडवीत शेजारच्या अक्का येऊन बसल्या होत्या. त्यांचा आवाज येत होता.

“तुजी सून थंय करता तरी काय, परशुराम? सगळो गाव बोलता.”

“सांगतंय,” बाबा म्हणाले. खुर्ची करकरली. “पुण्यासून नुसतो मजकूर इलेलो. कच्चो. तो हयसर शिजवूचो लागता.”

“चुलीर?”

“चुलीर नाय गो. मशीनात. मेक म्हणान हुकूम आसा. पण तेका एक नि एल येगळे लागतत.”

“म्हणजे काय?”

“तां तुका कळूचा नाय. माका पण उशिरा कळला.”

ते सगळं बरोबर नव्हतं, पण सरलाला उठून दुरुस्त करावंसं वाटलं नाही. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला बांगड्याच्या तिखल्याचा वास होता. अक्का काहीतरी विचारायला म्हणून आत यायला उठल्या, त्यांची पावलं तिने ऐकली.

“आत जाव नको,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “निजली आसा ती. निजूक दी.”

ती अजून निजली नव्हती. पण थोड्या वेळाने निजली.